एक पूल पुढे

गाडीच्या डिकीत तीन हजार नकाशे होते आणि मालकीणबाईंच्या पोटात गोळा होता. नकाशे दुपारी चारच्या आत पर्यटन कचेरीत पोचवायचे होते. पोटातल्या गोळ्याचं काय करायचं, ते मात्र गेले वर्षभर ठरलं नव्हतं.

झालं होतं असं. मालकांचा छापखाना लहान, पण तोरा मोठा. दारातून आत शिरलं की समोरच पाटी: 'चूक दाखवा, सगळं काम फुकट पुन्हा छापून घ्या.' तीस वर्षांत पावत्या छापल्या, औषधांची लेबलं छापली, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या, पण त्या पाटीचा फायदा कुणाला म्हणून घेता आला नव्हता. मालक मजकुराची मांडणी करत, मालकीणबाई छपाईआधीची मुद्रितं तपासून खाली सही करत आणि कॉम्प्युटरवर बसे मौनी. त्याचं खरं नाव पगाराच्या वहीत होतं, पण तोंडावर कुणाच्या येत नसे. तो दिवसातून दोनच शब्द बोले. काम सांगितलं की "हो" आणि काम संपलं की "झालं". त्याला सांगितलेली गोष्ट म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. वर काही येत नाही.

गेल्या वर्षी पर्यटन कचेरीने एक नकाशा छापून घेतला. नाव 'द्राक्षपट्ट्यात जेवायचं कुठे?' मधोमध नदी, नदीवर एकामागून एक तीन पूल, दोन्ही काठांना द्राक्षमळे आणि बारा खाणावळींचे बारा लाल ठिपके. नकाशे छापले, बांधले, पोचवले, सगळं झालं. मग महिन्याभराने मालकीणबाई एकदा चहा पिता पिता सहज तो नकाशा बघत बसल्या आणि कप बाजूला ठेवून त्यांनी पूल पुन्हा मोजले. सात नंबरची खाणावळ होती दुसऱ्या पुलापाशी. ठिपका होता पहिल्या पुलापाशी. आणि मुद्रिताखाली सही होती त्यांची स्वतःची, चांगली वळणदार.

आता हे नवऱ्याला सांगायचं कसं? सांगितलं असतं तर त्या माणसाने पाटी काढून अंथरूण धरलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्या गप्प राहिल्या. पण पहिल्या पुलापाशी कुणाचं तरी घर असणार, आणि भुकेली माणसं रोज त्या घराचं दार वाजवत असणार, हे काही डोक्यातून जाईना. यंदा नव्या आवृत्तीचं काम आलं तेव्हा त्यांनी हळूच मौनीच्या हातात चिठ्ठी सरकवली: 'सात नंबर एक पूल पुढे घे. मालकांना सांगू नकोस.'

मौनी म्हणाला, "हो."

मुद्रित तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. मालक मूळ यादी मोठ्याने वाचत आणि मालकीणबाई ठिपक्यावर बोट ठेवत. यंदा मालक वाचत गेले, "पाच... सहा... आठ... नऊ..." सात गळला. एरवी मालकीणबाईंनी त्यांना तिथल्या तिथे धरलं असतं. पण देवच पावला म्हणायचं, असं मनात म्हणत त्यांनी आठवर बोट ठेवलं आणि बाराला सही ठोकून मोकळ्या झाल्या.

सुटले एकदाची, असं त्यांना वाटत होतं, तोच मालकांनी काढलं, "यंदा नकाशे आपण दोघंच पोचवू. जरा फिरणंही होईल. आणि जेवू सात नंबरला."

"सातच का?" मालकीणबाईंचा आवाज जरा चिरका झाला.

"अगं, सातात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण आठही आहे, तीनही आहे."

"सातच," मालक म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मागच्या सीटवर बिस्किटांचा मोठा डबा ठेवला. तो कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू दे." बिस्किटं चहात बुडवणाऱ्याला वाया गेलेला समजणारा हा माणूस. पण मालकीणबाईंना त्या वेळी डब्याचा विचार करायला सवड नव्हती.

द्राक्षपट्टा लागला तेव्हा साडेबारा झाले होते. दोन्हीकडे वेलींच्या सरळ रांगा आणि रांगांतून टोपल्या घेतलेली माणसं. तोडणीचे दिवस होते. मालकांनी गेल्या वर्षीचा नकाशा उघडला. नव्यांचे गठ्ठे दोरीने बांधलेले होते, आणि बांधलेला गठ्ठा गिऱ्हाइकाशिवाय कुणी सोडायचा नाही हा छापखान्याचा कायदा होता.

"अहो, आधी तीन नंबर बघू या का? टेकडीवर आहे. वरून छान दिसतं म्हणे," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं, आता वाद होणार. पण मालक लगेच म्हणाले, "बघू की. घाई काय आहे?" आणि गाडी टेकडीकडे वळवलीसुद्धा.

तीन नंबरला कुलूप होतं. दारावर खडूने लिहिलं होतं, 'आचारी, वाढपी आणि मालक तोडणीला गेले आहेत. द्राक्षं थांबत नाहीत, तुम्ही थांबा.'

"थांबा म्हणजे किती?" मालकांनी वाटेने जाणाऱ्या एका बाईला विचारलं.

"दोन आठवडे," ती म्हणाली आणि टोपली सावरत निघून गेली.

मग आठ नंबर. तो उघडा होता, सजवलेलाही होता. एका गृहस्थाने दोघांना अदबीने बसवलं, पुढ्यातल्या पेल्यांत तळ झाकेल इतकी वाइन ओतली आणि ताटलीत चीजचे दोन तुकडे ठेवले. बोटाच्या पेराएवढे. मग तो वेलीच्या मुळांपासून सुरू झाला. माती कशी, ऊन कसं, पिंप कुठल्या लाकडाचं. तो पिंपापर्यंत येईतो चीज संपून वीस मिनिटं झाली होती.

"फारच छान," मालक म्हणाले. "आता जेवण आणा."

"हेच," तो गृहस्थ हसून म्हणाला. "आम्ही फक्त चव देतो."

"अहो, चव आमच्याकडे आहे. आम्हाला पोट भरायचंय!"

अकरा नंबरला मात्र खरोखरीचं जेवण होतं. वास रस्त्यापर्यंत येत होता. दारातल्या मुलीने वही उघडली आणि विचारलं, "नाव लावलंय का?"

"नाही."

"मग पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला या."

"आम्हाला आज भूक लागलीय हो."

"सगळ्यांना आजच लागते," ती म्हणाली. बोलली ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

दोघं गाडीत येऊन बसले तेव्हा दोन वाजून गेले होते. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. मालकांनी स्टीअरिंगवर हात ठेवले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "चला. आता सात नंबरच."

"दुसऱ्या पुलाकडून घ्या," मालकीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"नकाशात पहिला पूल आहे."

"हो, पण..."

"नकाशा आपणच छापलाय ना? मग चुकेल कसा?" हे बोलताना मालक रस्त्याकडे बघत होते, बायकोकडे नाही.

"चुकेल कसा," मालकीणबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. डोळ्यांपुढे चित्र होतं: बंद फाटक, भुंकणारं कुत्रं आणि काठी घेऊन आलेला शेतकरी. वर्षभर लोकांनी दार वाजवून वाजवून पिसाळलेला.

पहिला पूल आला. पुलाला लागून बैठं घर, पुढे अंगण, मागे द्राक्षमळा. फाटक सताड उघडं होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने हातभर मोठा आकडा रंगवलेला होता, 7. फाटकाशी दोन गाड्या आणि चार सायकली उभ्या होत्या. आतून भाजलेल्या लसणाचा वास येत होता.

दोघंही गाडीतून उतरायचे राहिले. "हे काय?" मालक पुटपुटले. तेच शब्द मालकीणबाईंच्या तोंडात होते, पण त्यांनी ते गिळले.

दारात साठीच्या पुढची एक बाई आली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "दोघंच ना? या. हात तिकडे धुवा. आज भोपळ्याचं सूप, कोंबडी आणि घरचा पाव. दुसरं काही मिळणार नाही, मागू नका. आणि पानात टाकायचं नाही, मला चालत नाही."

अंगणात एकच लांब टेबल होतं आणि सगळे त्यालाच बसलेले होते. पुस्तकं घेऊन आलेलं एक म्हातारं जोडपं होतं, सायकलवाले चौघे होते, कडेवर बाळ घेतलेली एक आई होती. सगळे त्या बाईला मावशी म्हणत होते. सूप आलं. मालकांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. सूप गरम होतं, दाट होतं आणि वाडगा खोल होता. कुणी त्याची मुळं-माती समजावून सांगत नव्हतं. दुसरा वाडगा न मागता आला.

"अहो, देवाने ऐकलं बघा," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भुकेने असतील, सुपाने असतील. काठीवाला शेतकरी नव्हता, कुत्रं नव्हतं, यानेही असतील.

कोंबडी वाढून झाल्यावर मावशी एक खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसल्या. "नवीन दिसता. आमचा पत्ता कसा मिळाला? नकाशावरून?"

"हो," मालक घास गिळून म्हणाले. "किती वर्षं चालवता हे?"

"एक. आणि सांगू का, मी काही खाणावळवाली नाही. हे सगळं चुकून झालंय."

मालकीणबाईंच्या हातातला पाव तिथेच थांबला.

"दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले," मावशी सांगू लागल्या. "मळा शेजाऱ्याला कसायला दिला. लेक म्हणाली, घर विकून माझ्याकडे ये. मी म्हटलं, येते. एकटीसाठी काय रांधायचं? चहा-पावावर दिवस ढकलत होते. सामान बांधलेलं होतं, घर बघायला माणूस यायचा होता, आणि त्या दिवशी दार वाजलं. मला वाटलं, तोच. तर एक नवरा-बायको, उन्हाने लाल झालेले. हातात नकाशा. मला विचारतात, 'आज काय आहे?'"

मावशी हसल्या. "वर्षभरात मला 'आज काय आहे' असं कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. घरात तीन अंडी होती आणि भोपळा होता. म्हटलं, बसा. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं आले. तिसऱ्या दिवशी मी सामान सोडलं, कारण पळी त्यात बांधलेली होती."

"आणि... आणि तो खरा सात नंबर?" मालकीणबाईंनी चाचरत विचारलं.

"दुसऱ्या पुलावरचा? तो म्हातारा आचारी गुडघ्यांनी टेकीला आला होता. गिऱ्हाईक इकडे वळलं तसा म्हणाला, 'सुटलो बाई!' सहा महिन्यांपूर्वी खाणावळ बंद करून मुलाकडे गेला. जाताना ही मोठी पातेली देऊन गेला मला." मावशींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हार-फुलं नसलेल्या साध्या चौकटीत नवऱ्याचा फोटो होता आणि शेजारी तशाच चौकटीत नकाशा. "हा बघा. ज्याने कुणी हा छापला ना, तो मला एकदा भेटायला हवा. पोटभर जेवू घालीन त्याला. त्याच्या चुकीने मी उभी आहे."

मालकांनी चमचा खाली ठेवला. मालकीणबाईंनी पाव खाली ठेवला. आणि दोघं एकाच दमात म्हणाले, "चूक माझी होती!"

मग दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू तीस वर्षांत पहिल्यांदाच बघत आहेत.

"तुमची कशी? सही माझी होती!"

"ठिपका कुठे टाकायचा ते मी सांगितलं होतं!"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाव्याकडे भिंतीला लावलाय तो नकाशा. केस कापून होईपर्यंत पूल मोजत बसलो होतो. मुद्रिताखाली तुझी सही होती ना, म्हणून बोललो नाही. तुला कळलं असतं तर तू आठवडाभर जेवली नसतीस." मालकांनी मान खाली घातली. "आज म्हटलं, इथे जे कोण राहतं त्यांची माफी मागून येऊ. म्हणून तर बिस्किटं आणली."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही पाटी काढाल!" मालकीणबाई रडत होत्या की हसत होत्या, ते सायकलवाल्यांनाही कळेना. "वर्षभर मी एकटीच झुरतेय म्हणून समजत होते हो."

"चूक माझीच."

"मुळीच नाही. माझी."

"अहो, दोघांची म्हणा ना!" मावशींनी टेबलावर थाप मारली. "चुकीसाठी भांडणारं जोडपं मी आज पहिल्यांदा बघतेय. मला दोघंही हवेत. आता कोंबडी सगळी संपवायची."

मालक आनंदाने कोंबडीची तंगडी चावायला लागले, आणि मधेच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "पण मावशी... डिकीत तीन हजार नवे नकाशे आहेत. त्यांच्यात चूक दुरुस्त झालीय. मीच करायला सांगितली."

"तुम्ही? ती तर मी सांगितली," मालकीणबाई म्हणाल्या.

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. नवे नकाशे वाटले गेले की सगळे बंद खाणावळीपुढे जाऊन उभे राहतील आणि पहिल्या पुलापाशी कुणी वळायचं नाही, हे कडेवरच्या बाळाखेरीज सगळ्यांना समजलं.

"असू दे," मावशी हळूच म्हणाल्या. "बरोबर ते बरोबर. वर्षभर मिळालं, तेही काही कमी नाही. माणसं आली, बोलली, जेवली. मी कुणाला दोष देणार नाही." आणि उगाचच टेबल पुसू लागल्या. ते आधीच स्वच्छ होतं.

मालक उठले. डिकी उघडली आणि तीस वर्षांचा कायदा मोडून बांधलेल्या गठ्ठ्याची दोरी सोडली. वरचा नकाशा टेबलावर पसरला. सगळे त्याच्यावर वाकले. पहिल्या पुलापाशी सात नव्हता. दुसऱ्या पुलापाशीही नव्हता. सात होता तिसऱ्या पुलापाशी.

"तिथे तर गुरांचा डॉक्टर बसतो," मावशी म्हणाल्या.

मालकांनी फोन लावला. "मौनी, सात नंबर तू दोनदा हलवलास?"

"हो."

"अरे, मग सांगायचं नाहीस?"

मग मौनी म्हणाला, "नको म्हणालात. दोघंही."

पहिल्यांदा हसली ती बाळाची आई. मग सायकलवाले, मग पुस्तकवाले, आणि शेवटी मालक आणि मालकीणबाई, एकमेकांना धरून. हसू ओसरलं तेव्हा साडेतीन झाले होते. मालकांनी शर्ट नीट केला आणि पर्यटन कचेरीला फोन लावला.

"साहेब, नकाशे आज येणार नाहीत. त्यात चूक आहे. पाटीप्रमाणे सगळे फुकट पुन्हा छापून देतो. सातवी खाणावळ बदललीय, तिचं नवं नावही टाकतो. चार दिवस द्या."

"चूक कुणी दाखवली?" साहेबांनी अविश्वासाने विचारलं.

"आम्हीच," मालक म्हणाले, आणि तीस वर्षं ज्या 'चूक' शब्दाला भीत आलो तो तोंडात इतका हलका लागतो, याचं त्यांना नवल वाटलं. साहेब गुरगुरले, पण चार दिवस दिले. मावशी आत जाऊन डोळे धुऊन आल्या आणि येताना द्राक्षांची परडी घेऊन आल्या. थँक्यू वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मालकीणबाईंच्या ताटात सगळ्यात मोठा घड ठेवला आणि त्यांच्या खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.

"आता मौनीला सांगून टाका," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि या वेळी चिठ्ठी नको. मोठ्याने, सगळ्यांदेखत."

मालकांनी पुन्हा फोन लावला. "मौनी, नीट ऐक. सात नंबर दोन पूल मागे घे."

मालकीणबाईंना राहवलं नाही. त्यांनी फोन ओढून घेतला. "ऐकलंस ना रे? सात नंबर दोन पूल मागे!"

पलीकडे मौनी घुटमळला. मग घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि नोकरीला लागल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य तो बोलला.

"दोघांचे मिळून दोन, की प्रत्येकी दोन?"

उत्तर द्यायला मालकांनी तोंड उघडलं, पण मावशींनी तोवर फोन हिसकावला होता. "मिळून दोन रे बाबा, मिळून!" त्या ओरडल्या. "माझी चूल हलवू नकोस आता. आणि उद्या तूही जेवायला ये!"

"हो," मौनी म्हणाला. आणि मग, आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं. त्याने आपणहून विचारलं, "उद्या काय आहे?"